नोकरी आणि कथा

चि. मृणाल,

अनेक आशीर्वाद. कॉलेजातली नोकरी धरली तर लिहिणं मागे पडेल, ही तुझी धास्ती कळली. अमेरिकी कथाकार पीटर टेलरची कारकीर्द एकदा नीट बघ.

जन्म १९१७ चा, अमेरिकेच्या दक्षिणेत, टेनेसीतल्या ट्रेंटनचा. वडील वकील, आईचे वडील राज्याचे गव्हर्नर. घर नॅशव्हिल, सेंट लुईस, मेम्फिस असं हलत राहिलं, आणि गावाकडचा रुबाब शहरात सांभाळू बघणारी कुटुंबं हाच त्याचा कायमचा विषय झाला. त्याचे शिक्षक, कवी जॉन क्रो रॅन्सम, केनियन कॉलेजला गेले, तर हाही त्यांच्यामागे तिथेच शिकायला गेला. पुढे ग्रीन्सबरो, केनियन, ओहायो स्टेट आणि १९६७ पासून व्हर्जिनिया विद्यापीठ, असं वर्षानुवर्षं शिकवणं. पहिला कथासंग्रह १९४८ ला, पुलित्झर पुरस्कार १९८७ ला, तेही कादंबरीला! पगार ठरलेला, म्हणून कथा घाईने विकावी लागली नाही, असं मला वाटतं.

त्याची 'द ओल्ड फॉरेस्ट' ही कथा वाच. १९३७, मेम्फिस. लग्न आठवड्यावर आलेलं असताना नायक नॅटच्या गाडीला अपघात होतो. शेजारी बसलेली मुलगी वाग्दत्त वधू नव्हे, दुसरीच. ती उतरून जंगलात नाहीशी होते. ती सापडेपर्यंत लग्न अडतं. निवेदक नॅटच, पण कित्येक वर्षांनंतरचा. आणि शोध खरा पुढे नेते ती वाग्दत्त वधू कॅरोलाइन. तरुण नॅटला तेव्हा न दिसलेलं वाचकाला दिसतं, ते या अंतरामुळे. तुझ्या खर्ड्यात निवेदकाला पहिल्या पानापासून सगळं उमगलेलं असतं, तिथेच कथा ढेपाळते.

सत्तरच्या दशकात त्याने काही कथा कवितेसारख्या तुटक ओळींत लिहिल्या. हा सराव तू कर. एक पान घे, अर्थाच्या तुकड्याला ओळ तोड. मराठीत क्रियापद शेवटी येतं, म्हणून वाक्य संपेल तिथेच तोडलंस तर प्रत्येक ओळ 'होता', 'होती'वर आपटेल. क्रियापदाच्या आधी तोडून बघ. ओळीच्या टोकाला सलग तीनदा 'आणि', 'मग', 'तेव्हा' आलं तर ते वाक्य सैल आहे, खुशाल काप. झालं की ओळी पुन्हा जोडून गद्य कर. तशाच ठेवल्यास तर नुसत्या मोकळ्या जागेलाच वजन येतं, आणि कच्चं वाक्य त्याआड लपतं.

नेमणुकीच्या पत्रात आठवड्याचे तास किती लिहिलेत ते कळव. आठवड्यातल्या दोन सकाळी मोकळ्या मागून घे.

तुझी,
आई