दाराशी बसणाऱ्याचं काम

प्रिय आई-बाबा,

सप्रेम सलाम.

पत्र मिळालं. दर रविवारी उपासनेला जाणं आता जमत नाही, पंचमंडळातलं कामही संपलं, मग मंडळीसाठी, म्हणजे आपल्या चर्चसाठी, आपण काय करायचं, असं बाबांनी विचारलंय. 'प्रार्थना करा' हे उत्तर सगळेच देतात. ते खरंही आहे, पण सोमवारी सकाळी उठून नेमकं काय करायचं ते त्यातून कळत नाही. म्हणून हे पत्र जरा लांबणार आहे आणि थोडं रुक्षही वाटेल.

सहाव्या शतकात बेनेदिक्त या ख्रिस्ती संन्याशाने आपल्या मठासाठी नियम लिहिले. त्यातल्या ६६व्या प्रकरणात मठाच्या फाटकाशी कुणाला बसवावं ते सांगितलंय. बसवायचा तो समंजस म्हातारा. त्याला निरोप घेता यावा, देता यावा आणि वयामुळे तो इकडेतिकडे भटकणारा नसावा. कुणी दार ठोठावलं की त्याने आधी देवाचे आभार मानायचे आणि मग लगेच, सौम्यपणे उत्तर द्यायचं. गरज पडली तर त्याच्या मदतीला एक तरुण बंधू द्यायचा. तो हमखास जागेवर सापडतो, म्हणून त्याची निवड. तुम्ही दोघांनी मंडळीसाठी हेच काम घ्यावं, असं मला वाटतं. तुमचा फोन आणि तुमची बैठकीची खोली, हेच फाटक.

सुरुवात फोनपासून करा. पाळकांकडून (पास्टरांकडून) पाच नावं मागून घ्या, जास्त नकोत. घराबाहेर पडता येत नाही असे, नुकतंच जवळचं माणूस गेलेले, किंवा उपासनेला येणं हळूहळू कमी झालेले. रोज एकाला फोन करायचा, वार आणि वेळ ठरलेली ठेवायची. 'आठवण येईल तेव्हा करू' असं धरलं, तर बोलायला सोप्या माणसांनाच फोन जातात आणि अवघड माणसं राहून जातात. शिवाय मंगळवारी अकराला फोन येणार हे माहीत असलं, की एकटा माणूस त्या वेळेची वाट पाहतो. एक मंगळवार चुकला तर त्याला तो जाणवतो. म्हणून पाळता येईल तेवढंच कबूल करा. आपलं 'होय' ते होय आणि 'नाही' ते नाही असावं, हे बायबलमधल्या याकोबाच्या पत्रात शपथेच्या संदर्भात आलंय, पण फोनच्या वेळेलाही ते लागू पडतं.

बोलणं दहा मिनिटांचं पुरे. पहिली पाच मिनिटं त्यांची. "काय विशेष?" असं विचारलं की "काही नाही" एवढंच उत्तर येतं. त्यापेक्षा मागच्या वेळी त्यांनी सांगितलेल्या एका गोष्टीबद्दल विचारा. बाबा, तुम्हाला उपाय सांगायची घाई असते, ती इथे आवरावी लागेल. शेवटी "प्रार्थना करू का?" असं विचारून, हो म्हटलं तरच करायची, तीही मिनिटभर. प्रार्थनेच्या आडून समोरच्याला उपदेश करायचा नाही. "प्रभू, याला मुलांशी नीट वागायची बुद्धी दे" असं म्हटलं, की पुढच्या वेळी फोन उचलला जात नाही.

आई, वही तू ठेव. तुझं अक्षर दुसऱ्याला वाचता येतं. चार रकाने आख : तारीख, नाव, विनंती आणि पुढे काय झालं. बहुतेक प्रार्थनावह्यांत पहिले तीनच असतात. त्यामुळे विनंत्या साठत जातात, नंतर कुणी विचारत नाही आणि सांगणाऱ्याला वाटतं की आपण सांगितलं ते तिथेच संपलं. चौथा रकाना रुंद ठेव, महिन्यातून एकदा मागे जाऊन तो भर. 'अजून तसंच आहे' हेही लिहायचं. वहीतली गोष्ट त्या माणसाच्या परवानगीशिवाय बाहेर जाता कामा नये. "प्रार्थनेसाठी म्हणून सांगतेय हं" या वाक्याने मंडळीत जेवढ्या चुगल्या पसरतात, तेवढ्या दुसऱ्या कशानेही पसरत नसतील. आजार, नवरा-बायकोतला बेबनाव, पैशाची अडचण यांबद्दल नावापुढे फक्त 'प्रार्थना' एवढंच लिही, बाकीचं डोक्यात ठेव.

तुम्ही असे दाराशी बसलात की तक्रारीही येतील. अमक्याने माझा अपमान केला, तमका असं म्हणाला. मत्तयाच्या शुभवर्तमानातल्या १८व्या अध्यायात येशूने क्रम घालून दिलाय : आधी त्याला एकट्याला गाठून बोल, ऐकलं नाही तर एकदोघांना बरोबर घे, तरीही नाही तर मंडळीला सांग. व्यवहारात आपण नेमके उलटे जातो, आधी सगळ्या मंडळीला कळतं आणि ज्याच्याबद्दल आहे त्याला शेवटी. म्हणून पहिला प्रश्न एकच : "तुम्ही त्यांच्याशी बोललात का?" नसतील बोलले, तर काय बोलायचं याची तयारी करून द्या. घडलेला एकच प्रसंग घ्यायचा, 'तुम्ही नेहमीच असं करता' हे टाळायचं, आणि समोरासमोर बोलायचं. लिहिलेल्या निरोपात आवाज ऐकू येत नाही, त्यामुळे वाचणारा आपल्या मनातला राग त्यात भरतो. एक अपवाद मात्र पक्का ठेवा. मारहाण, लहान मुलांशी गैरवर्तन, जिवाला धोका अशी गोष्ट असेल, तर त्या माणसाला एकट्याने तोंड द्यायला पाठवायचं नाही. आधी त्याला सुरक्षित करायचं आणि पाळकांना व कायद्याच्या यंत्रणेला कळवायचं. अशा वेळी गुप्ततेचं वचन देऊ नका.

आता घरातली संगती, म्हणजे वचन आणि प्रार्थनेसाठी घरी जमणारा छोटा गट. १७४२ साली इंग्लंडमधल्या ब्रिस्टलमध्ये जॉन वेस्ली या धर्मोपदेशकाच्या लोकांवर बांधकामाचं कर्ज होतं. प्रत्येकाने आठवड्याला एक पेनी द्यायची असं ठरलं, आणि ती गोळा करायला सुमारे बारा जणांमागे एक प्रमुख नेमला. पेनीसाठी दारोदार जाताना या प्रमुखांना दिसू लागलं की कोण कसं जगतंय, कुणाच्या घरात भांडण आहे, कोण दारूकडे वळलंय. मंडळीला इतके दिवस हवी होती ती गोष्ट हीच, हे वेस्लीने ओळखलं. पुढे दारोदार फिरण्याऐवजी प्रत्येक गट एकत्र जमू लागला. बाराचा आकडा मला पटतो. त्यापुढे गट गेला की निम्मे लोक नुसते ऐकतात, आणि एखादा आला नाही तरी कुणाच्या लक्षात येत नाही. तुमच्या खोलीत सहा-सात जणांपासून सुरू करा, बारा झाले की दोन गट करा. दोन गट करताना लोक हळहळतात, पण न केल्यास नवीन माणसाला जागाच उरत नाही.

वेळ सव्वा तास. संपण्याची वेळ सुरू होण्याच्या वेळेपेक्षाही काटेकोर पाळा. लहान मुलांचे आईबाप आणि दुसऱ्या दिवशी लवकर कामावर जाणारे यायचे थांबतात, ते बहुधा 'कधी सुटेल सांगता येत नाही' म्हणून. एक गीत, मग बायबलमधला दहा-पंधरा वचनांचा एकच उतारा दोनदा वाचायचा, दुसऱ्यांदा वेगळ्या आवाजात. त्यावर तीन प्रश्न : यात देव कसा दिसतो, माणूस कसा दिसतो, आणि या आठवड्यात मी काय करणार. तिसऱ्याच्या उत्तरात माणसाचं नाव आणि वार आला पाहिजे. 'मी अधिक प्रेमळ होईन' हे उत्तर नव्हे, 'गुरुवारी भावाला फोन करेन' हे उत्तर. पुढच्या बैठकीत त्याबद्दल विचारायचं, नसेल जमलं तर टोचून बोलायचं नाही. प्रश्न विचारल्यावर मनात दहा आकडे मोजेपर्यंत गप्प बसा. चालवणारा स्वतःच उत्तर देऊ लागला, की दोन बैठकांत गटाला सवय लागते आणि मग कुणीच बोलत नाही. शेवटची वीस मिनिटं प्रार्थनेची.

भेटीला जायचं काम तरुणांचं, पण कुणाकडे जायचं ते तुमच्या वहीवरून ठरेल आणि कसं जायचं तेही तुम्हीच शिकवू शकता. येशूने शिष्यांना दोघे-दोघे पाठवलं, तसंच पाठवा. आधी फोन करून जायचं. घरी वीस मिनिटं, रुग्णालयात दहा. हात धुवायचे, खाटेवर टेकायचं नाही, खुर्ची ओढून रुग्णाच्या नजरेच्या पातळीवर बसायचं. औषधांबद्दल सल्ला द्यायचा नाही. एखादं छोटं स्तोत्र, २३वं किंवा १२१वं, वाचायचं आणि निघायचं. "देवाची इच्छा" हे शब्द दुःखी माणसाने स्वतः उच्चारले तर ठीक, पाहुण्याने उच्चारू नयेत. बायबलमधल्या दुःखी ईयोबाचे मित्र सात दिवस आणि सात रात्री एक शब्दही न बोलता त्याच्याजवळ बसले, तोवर सगळं ठीक होतं. बिघडलं ते त्यांनी स्पष्टीकरणं द्यायला सुरुवात केल्यावर. मृत्यू झालेल्या घरी पहिल्या आठवड्यात गर्दी असते. सहाव्या आठवड्यात कुणी नसतं, आणि खरी पोकळी तेव्हाच जाणवते. आई, वहीच्या शेवटच्या पानावर अशा घरांच्या तारखा लिहून ठेव : सहा आठवडे, तीन महिने, गेलेल्या माणसाचा वाढदिवस, वर्षाचा दिवस.

पैसे मात्र घरात ठेवू नका. गटात मदतनिधी जमू लागला तर दोघांनी मोजायचा, लिहायचा, दोघांनी सही करायची आणि मंडळीच्या खजिनदाराकडे द्यायचा. यरुशलेमकरता गोळा केलेल्या दानाबाबत पौलाने हीच काळजी घेतली होती. आपला सहकारी तीत याच्याबरोबर मंडळ्यांनी निवडलेला आणखी एक बंधू पाठवला, म्हणजे कुणाला दोष काढायला जागा नको (२ करिंथ ८). उसने देऊ नका. परत करता आले नाहीत की माणूस पैसे देणाऱ्याला टाळतो, आणि मग संगतीलाही येत नाही. द्यायचं तर थोडं आणि दान म्हणूनच द्या, शक्य तिथे फी किंवा औषधाचं बिल थेट भरा. मदत कुणाला मिळते आणि कुणाला नाही, यावर लक्ष ठेवा. प्रेषितांच्या कृत्यांतला सहावा अध्याय म्हणजे ग्रीक बोलणाऱ्या विधवा रोजच्या वाटपात डावलल्या जात होत्या म्हणून उठलेली कुरकुर. प्रेषितांनी ती झटकून टाकली नाही, सात माणसं नेमायला सांगितली.

ज्यांना उपासनेला येताच येत नाही, त्यांची नावं पाळकांना प्रभुभोजनाच्या (भाकर व द्राक्षारसाच्या विधीच्या) आधीच्या आठवड्यात कळवा. सुमारे १५५ साली जस्टिन या ख्रिस्ती लेखकाने उपासनेचं वर्णन लिहिलं, त्यात गैरहजर असलेल्यांकडे डीकन, म्हणजे मंडळीचे सेवक, भाकर व द्राक्षारस घेऊन जात, असं आहे. पाळक विसरतात ते मनात नसतं म्हणून नव्हे, यादी कुणी दिलेली नसते म्हणून.

नातवंडांबद्दल तुम्ही काळजी लिहिलीय. त्यांच्यासाठी वेगळा कार्यक्रम आखू नका, वरचं सगळं त्यांच्या देखत होऊ द्या. उपासनेवरून आल्यावर जेवताना आपण पाळकांच्या उपदेशाची चिरफाड करतो (बाबा, हे तुम्हाला उद्देशून आहे), तीही मुलं ऐकतात, आणि उपदेशापेक्षा तीच जास्त दिवस लक्षात ठेवतात. चुकून त्यांच्यावर ओरडलात तर 'माझं चुकलं' असं त्यांना म्हणा, पुढे 'पण तूही...' जोडू नका. मंगळवारचा फोन लावताना मोठा नातू घरी असेल तर नंबर त्याला लावू द्या.

बेनेदिक्तचा तो तरुण बंधू विसरू नका. सुरुवातीपासूनच कुणातरी एकाला बरोबर घ्या. काही आठवडे तुम्ही गट चालवा, तो बघेल. मग तो चालवेल, तुम्ही बघा, आणि सूचना लोक गेल्यावर, एका वेळी एकच द्या. नंतर त्याच्यावर सोपवा. तो तुमच्यासारखा करणार नाही. गीत वेगळं निवडेल, उतारा लांब घेईल. चूक धोक्याची नसेल तर गप्प बसा. 'आमच्या वेळी' हे दोन शब्द गटात उच्चारायचे नाहीत, एवढं दोघांनी आपसात ठरवून टाका.

या रविवारी पाळकांचा फोन आला की पाच नावं मागा. त्यांनी पंधरा दिली, तर दहा परत करा.

तुमची,
लेक