मशीन घ्यायची घाई नको

ती. बाबा आणि ती. आई,
साष्टांग नमस्कार.

बाबा, ते घोरण्यावरचं सीपॅप मशीन (मास्कमधून दाबाने हवा देणारं) आत्ता घ्यायचं नाही. दुकानदार हप्त्याने देतो म्हणाला तरी नाही. आधी बेळगावला झोपेच्या तज्ज्ञाकडे रात्रभराची तपासणी, मग किती दाब लागतो ते ठरणार, मग मास्क, आणि सगळ्यात शेवटी मशीन. लोक हे उलट्या क्रमाने करतात, म्हणून पुष्कळ मशीनं कपाटावर धूळ खात पडतात.

झोपेत श्वास अडण्याचा आजार (स्लीप ॲप्निया) आहे की नाही, हे घोरण्याच्या आवाजावरून ठरत नाही. आई म्हणते तसं मध्येच एकदम गप्प होणं आणि मग दचकून श्वास घेणं, हे बघायचं असतं. शिवाय रात्री तीनदा लघवीला उठणं आणि दोन गोळ्या घेऊनही बीपी न उतरणं. लघवीचं खापर तुम्ही प्रोस्टेटवर फोडता. पण घसा बंद असताना छाती हवा ओढायला झटते, त्या ताणाने हृदयातून एक संप्रेरक सुटतं आणि ते मूत्रपिंडाला जास्त लघवी करायला लावतं. तपासणीआधी प्रोस्टेटची गोळी वाढवून घेऊ नका.

आई, तू एक काम कर. पहाटे चारच्या सुमाराला बाबांचा पाच मिनिटांचा व्हिडिओ काढ. स्वप्नांची झोप पहाटेकडे जास्त असते आणि तेव्हा घशाचे स्नायू फार ढिले पडतात. गोधडी कमरेपर्यंत खाली सरकव, छाती आणि पोट दोन्ही दिसू दे. श्वास अडलेला असताना छाती आत आणि पोट बाहेर असं उलटसुलट हलत असेल, तर डॉक्टरांना पुष्कळ कळतं.

दवाखान्यात एक फॉर्म देतात. आठ प्रसंग, प्रत्येकात डोळा लागण्याची शक्यता किती त्याला शून्य ते तीन गुण, बेरीज दहाच्या वर गेली तर दिवसाची झोप जास्त. फॉर्म इंग्रजीत किंवा कन्नडमध्ये असेल, तर मराठीत समजावून घ्या. बाबा एकटे भरतील तर सगळीकडे शून्यच येणार, म्हणून आईने शेजारी बसायचं. कीर्तनात, बसमध्ये, पेपर वाचताना डोळा लागतो की नाही, ते तिला बरोबर माहीत आहे. आणि निदान होईपर्यंत खानापूर-बेळगाव रस्त्यावर स्कूटर चालवायची नाही. यावर वाद नको.

तपासणीच्या दिवशी डोकं धुवून जा, तेल अजिबात लावू नका. तेलकट केसांत डोक्याला चिकटवलेला इलेक्ट्रोड (तारेचं टोक) सुटतो आणि रात्रीत चारदा उठवून परत चिकटवावा लागतो. दुपारी झोप नाही, जेवणानंतर चहा नाही. बीपीच्या गोळ्या मात्र नेहमीच्या वेळेला. आपली उशी घेऊन जा. डोक्याला, डोळ्यांच्या कडेला, हनुवटीला आणि नडग्यांना तारा, छातीला आणि पोटाला पट्टे, नाकात बारीक नळी, बोटाला चिमटा. बांधायलाच पाऊण तास जातो. लघवीला जायचं असेल तर नुसती हाक मारा, सगळ्या तारा एका डबीत येतात आणि ती सोडवता येते. "मला तिथं झोपच लागणार नाही" हे सगळेच म्हणतात. झोप तुटक लागली तरी बहुतेक वेळा निदान होतं.

श्वास दहा सेकंद किंवा जास्त थांबला की एक घटना मोजतात. हवा पूर्ण थांबली नाही, नुसती मंदावली आणि ऑक्सिजन घसरला किंवा झोप मोडली, तर तीही मोजतात. तासाला अशा पाचपेक्षा कमी असतील तर ठीक, १५ पर्यंत सौम्य, ३० पर्यंत मध्यम, त्यावर तीव्र. रिपोर्टमध्ये एवढाच आकडा बघून थांबू नका. ऑक्सिजन किती खाली गेला, ९० टक्क्यांखाली किती वेळ राहिला आणि उताणं व कुशीवर किती फरक आहे, हेही विचारा. उताणंच त्रास असेल तर बंडीच्या पाठीला खिसा शिवून त्यात रबरी चेंडू घालण्यानेही काही जणांचं भागतं. दुसरं, श्वास घसा मिटल्याने थांबतो की मेंदूकडून आज्ञाच येत नाही म्हणून, ते नक्की विचारा, कारण दोन्हींचा उपचार वेगळा.

घरी नेऊन लावायचं छोटं यंत्र स्वस्त पडतं. पण त्यात डोक्याला लावायच्या तारा नसतात, झोप कधी लागली ते कळत नाही, त्यामुळे जागे असलेले तासही भागाकारात धरले जातात आणि आकडा कमी दिसतो. ते नॉर्मल आलं तरी खूश होऊन बसू नका.

आता मशीन. त्यातून ऑक्सिजन येत नाही, साधी हवाच दाबाने येते. सायकलच्या ट्यूबमध्ये हवा भरली की ती चेपत नाही, तसा घसा उघडा राहतो. दाब चार ते वीस सेंटिमीटर पाण्याइतका असतो. तुमचा किती, ते दवाखान्यात रात्री टप्प्याटप्प्याने वाढवून ठरवतात. बिघडतं ते मास्कपाशी. पट्टे आडवं पडून, मशीन चालू ठेवून बसवायचे. उभं राहून घट्ट आवळले तर गळती वाढतेच, वर नाकावर जखम. मिशीखालून हवा सुटते, म्हणून नाकपुडीत बसणारा प्रकारही घालून बघा. कवळी काढून झोपता ना? मग मास्कही कवळी काढूनच बसवून घ्या, गालांचा आकार बदलतो. सकाळी तोंड कोरडं पडलं तर तोंडाने हवा गळते आहे, हे डॉक्टरांना सांगा. पहिले काही दिवस दुपारी टीव्ही बघताना अर्धा तास लावून बसा, मग रात्री. रोज मास्कची गादी साबणाने धुवायची, चेहऱ्याच्या तेलाने सिलिकॉन निसटतं. हवा ओलसर करायच्या मशीनच्या पाण्याच्या टाकीत डिस्टिल्ड पाणीच घाला, विहिरीचं नको, बॅटरीचंही नको. चुलीच्या धुराने फिल्टर लवकर काळा पडेल, दर आठवड्याला बघा. पावसाळ्यात लाइट गेली की इन्व्हर्टरवर पाणी तापवणं बंद करा, वीज तेच जास्त खातं.

आई, तुझी झोपेची अल्प्राझोलामची गोळी बाबांना कधीही द्यायची नाही, घसा आणखी ढिला पडतो. तू स्वतःही एकदम बंद करू नकोस, डॉक्टर हळूहळू कमी करतील. आणि संध्याकाळी पाय वळवळतात, चाललं की बरं वाटतं म्हणतेस, तर रक्तात फेरिटिन (लोहाचा साठा) तपासून घे. ७५ पेक्षा कमी असेल तर बहुधा लोहाची गोळी देतील, ती चहाबरोबर घ्यायची नाही. रात्रीची मिश्री मात्र सोड गं. तंबाखूनेही झोप उडते.

दोघांच्याही गोळ्यांच्या चिठ्ठीचा फोटो आणि तो व्हिडिओ पाठवा. अपॉइंटमेंट दोघांचीही एकाच दिवशी घ्या.

तुमची लेक