सरपंचाला हिशोब वाचता येतो का, आणि मतदार यादीवर त्याचं म्हणणं काय

मा. संपादक साहेब,
स.न.वि.वि.

आमच्या गावात ग्रामपंचायतीचं वारं सुटलंय. तुरीची सोंगणी सुरू आहे, मजूर भेटून नाही राहिले, पण संध्याकाळी चौकातल्या टपरीवर उभं राहायला जागा नसते. चर्चा एकच, कोणत्या पॅनलकडे कोणत्या समाजाची किती मतं, कोण कोणाचा साळा, कोणाच्या घरात किती मतदार. पेपरात तालुक्याच्या पानावरबी तेच येऊन राहिलं, लढत चुरशीची अन प्रतिष्ठा पणाला. जी बाई सरपंचपदाला उभी आहे तिला नेमकं काय येतं, पाच वर्षं गावचा पैसा सांभाळायची तिची तयारी काय, हे कोणी विचारून नाही राहिलं अन कोणी छापूनबी नाही राहिलं. म्हणून हे पत्र. मी कोणत्या पॅनलमध्ये नाही, उमेदवाराच्या नात्यात नाही. पण मत कोणाला देणार हे मी उघड सांगतो आणि का देणार तेही सांगतो.

आमची सीट महिलेसाठी राखीव निघाली. कायदा शिकण्याच्या बाबतीत फार मागत नाही, 1 जानेवारी 1995 ला किंवा त्यानंतर जन्म असेल तर सातवी पास पाहिजे, त्याच्या आधीच्याला तेवढंबी नाही. थेट जनतेतून सरपंच 2017 ला आला, 2020 ला गेला, 2022 ला परत आला, म्हणजे आता सरपंच सदस्यांच्या नाही, सरळ आपल्या बोटानं ठरतो. मग त्याची परीक्षाबी आपणच घ्यायला पाहिजे ना, दुसरं कोण घेणार.

मी ज्या ताईंबद्दल लिहून राहिलो त्या अमरावती विद्यापीठाच्या बी.कॉम. आहेत, पण मी डिग्रीला मत देत नाही. त्या उमेदच्या, म्हणजे बचत गटांच्या सरकारी अभियानाच्या, ग्रामसंघाची वही लिहितात, वर्षानुवर्षं. बचत गटाच्या बाया मंगळवारी जमतात, कोणी शंभर भरते, कोणाचं कर्ज फिटायचं असतं, कोणी भांडते की मागच्या महिन्यात मी भरले होते. ताई वही उघडून पान दाखवतात, भरलेली रक्कम, शिल्लक, समोर अंगठा नाहीतर सही. भांडण तिथंच संपतं. बँकेतून पासबुक आलं की वहीशी जुळवून पाहिल्याशिवाय त्या घरी जात नाहीत. हे मी माझ्या घरातल्या माणसाकडून ऐकतो, माझी बायको त्याच गटात आहे.

आता ग्रामपंचायतीत हे कशाला लागतं? आमच्याकडं बरेच जण समजतात सरपंच म्हणजे सत्कार, फीत अन रस्त्याचं भूमिपूजन. आजची गोष्ट तशी राहिली नाही. पंधराव्या वित्त आयोगाचा पैसा सरळ ग्रामपंचायतीच्या खात्यात आला, त्यातला 60 टक्के बंधित, म्हणजे पाणी अन स्वच्छतेवरच खर्चायचा, बाकी 40 टक्के अबंधित, गावाच्या गरजेप्रमाणे. पेमेंट ऑनलाइन होते, त्याला सरपंच आणि ग्रामसेवक दोघांची डिजिटल सही लागते. ती सही पेनड्राइव्हसारख्या एका छोट्या डोंगलमध्ये असते. लई गावांत सरपंचाचं डोंगल सरपंचाकडं नसतेच, ते सेवा केंद्रात कॉम्प्युटरवाल्या पोराच्या ड्रॉवरमध्ये पडलेलं असते, पासवर्ड कागदावर लिहून त्यालाच चिकटवलेला. मग कोणत्या बिलावर आपली सही गेली हे सरपंचबाईला पेपरात वाचून समजते. मी ताईंना पहिला प्रश्न हाच केला, डोंगल कुठं राहीन? त्या म्हणाल्या, "माझ्या पर्समधी राहीन भाऊ, अन बिल वाचल्याबिगर मी ते लावणार नाही, मग कोणी कितीबी घाई करो." नवरा शेजारी बसला होता, तो काही बोलला नाही, मला ते बरं वाटलं.

मागच्या एका ग्रामसभेतलं सांगतो. आमचं गाव खारपाणपट्ट्यातलं, विहिरीचं पाणी तोंडात धरवत नाही, त्यामुळं गावाचा जीव आरओ प्लांटवर. प्लांट महिन्यातून दहा दिवस बंद. ताईंनी उभं राहून सरळ मागणी केली की लेखापरीक्षणाचा अहवाल वाचा. आधी कोणी मागितला नव्हता. ग्रामपंचायत कायद्यात, म्हणजे 1958 च्या अधिनियमात, कलम 8 आहे, वार्षिक हिशोब आणि मागचा ऑडिटचा शेरा, त्याला दिलेलं उत्तर, हे सगळं ग्रामसभेपुढं ठेवायचंच असते. अहवाल काही आला नाही, पण लाल कपड्यातली रोकडवही आली. ताईंनी दोन पानं उलटली आणि बोट ठेवलं, एकाच महिन्यात मेम्ब्रेन, म्हणजे प्लांटमधला पाणी गाळायचा पडदा, बदलल्याची दोन बिलं, रक्कम सारखी, दुकान एकच. त्यांनी आवाज चढवला नाही, कोणी खाल्लं असं म्हणाल्या नाहीत, फक्त विचारलं की दोन मेम्ब्रेन बसली असतील तर जुनी दोन कुठं आहेत, दाखवा. सभेत टाचणी पडली तरी ऐकू आली असती. मीबी कोणावर आरोप करत नाही, दोन बिलं खरीबी असू शकतात. पण विचारायचं कुठं अन कसं हे ज्या माणसाला समजते तो त्या खुर्चीत बसला तर प्लांट चालू राहील, एवढं मला कळते.

ऑडिट म्हणजे काय याचीबी आपल्याकडं फार गैरसमजूत आहे. ग्रामपंचायतीचं लेखापरीक्षण स्थानिक निधी लेखा विभागाकडून होते, कायदा 1930 चा, इंग्रजांच्या वेळचा. ऑडिटर येतात, आक्षेप काढून जातात, आणि खरं काम त्याच्यानंतर सुरू होते, त्या आक्षेपांना उत्तर द्यायचं, पावत्या जोडायच्या, वसुली असेल तर करायची. इथंच गाडी अडकते. आक्षेप वर्षानुवर्षं पडून राहतात कारण सरपंच बदलला, ग्रामसेवकाची बदली झाली, कागद कोणाकडं ते माहीत नाही. ग्रामपंचायतीच्या हिशोबाचे अन नोंदींचे नमुने 33 आहेत, 1 ते 33. सगळे पाठ पाहिजेत असं नाही, पण नमुना 5 रोकडवही, नमुना 8 घराची आकारणी, नमुना 9 कराची मागणी, हे तीन जरी उघडून वाचता आले तरी निम्मा कारभार समोर येते.

आता मतदार यादीवर येतो, आणि मला खरं तर यावरच जास्त बोलायचंय.

माझा भाचा अमेरिकेत वॉशिंग्टन नावाच्या राज्यात असतो, राजधानी नाही, पश्चिमेकडचं राज्य. तिथं काउंटी म्हणजे आपला जिल्हा समजा. बहुतेक काउंट्यांमध्ये ऑडिटर नावाच्या पदावरचा माणूस मतदानाचं काम पाहतो, मतदार नोंदणी, मतपत्रिका, मोजणी, आणि तोच जमिनीचे दस्त नोंदवतो, गाड्यांची नोंदणी पाहतो. आणि हा माणूस लोकांनी चार वर्षांसाठी निवडून दिलेला असतो. म्हणून त्या पदाला कोणी उभा राहिला की लोक त्याला दोनच गोष्टी विचारतात, तुला या कामाचा अनुभव काय, आणि मतदानाबद्दल तुझी मतं काय. तिथं मतपत्रिका पोस्टानं घरी येते, 18 दिवस आधी, पाकिटावरची सही जुळवून पाहतात. आपल्याकडं निवडणूक घेणारा निवडून आलेला नसतो, घटनेच्या 243-के कलमानं हे काम राज्य निवडणूक आयोगाचं, खाली कलेक्टर अन तहसीलदार, आणि माझ्या मते ते बरोबरच आहे, पॅनलवाल्याच्या हाती यादी गेली तर गावाचं काही खरं नाही. पण ते दोन प्रश्न मात्र आपल्या कामाचे आहेत. सरपंच यादी करत नाही, पण ग्रामसभा त्याच्या अध्यक्षतेखाली होते, बीएलओला, म्हणजे गावात यादीचं काम करणाऱ्या कर्मचाऱ्याला, मदत मिळते का धमकी मिळते हे त्याच्यावरच असते.

लोकांना एक गोष्ट अजूनबी माहीत नाही. ग्रामपंचायतीची यादी वेगळी बनत नाही, विधानसभेची यादी घेऊन तिचे वॉर्डाप्रमाणे तुकडे पाडतात. प्रारूप यादी लागली की सगळे तहसीलवर धावतात, माझं नाव नाही, माझ्या सुनेचं नाव नाही. तेव्हा तहसीलवाला म्हणतो विधानसभेच्या यादीतच नाही तर मी कुठून आणू, आणि त्याचं बरोबर असते. त्या हरकतीत फक्त वॉर्ड चुकला, लिहिण्यात चूक झाली एवढंच दुरुस्त होते. नवीन नावासाठी फॉर्म 6, वगळायला 7, दुरुस्ती अन पत्ता बदलायला 8, हे कधीच आधी भरायला पाहिजे होते. ताईंचं म्हणणं असं की वर्षातून एकदा ग्रामसभेत यादी मोठ्यानं वाचायची, निवडणूक असो का नसो. 2021 च्या नोव्हेंबरात असा यादी वाचनाचा कार्यक्रम राज्यात झाला होता, तो पुढं आमच्याकडं थंडावला. वाचली की मेलेली माणसं कोणती ते गावच सांगते, आपल्या गावात कोण वारला हे काय कलेक्टरला माहीत असते का.

आणि इथं त्यांची भूमिका लोकांना आवडत नाही, मला ते माहीत आहे. गावात दोन प्रकारचे बाहेर राहणारे आहेत. एक, जे सोयाबीन निघालं की कामाला जातात, वीटभट्टीवर, पुण्याच्या साइटवर, अन पेरणीला परत येतात. दुसरे, ज्यांचं नागपूर-पुण्यात घर झालं, पोरं तिथं शाळेत, मतदानाच्या दिवशी पॅनलवाल्याच्या ट्रॅव्हल्समधून येतात, मटण खाऊन रात्री परत. 1950 च्या लोकप्रतिनिधित्व कायद्यात कलम 20 मध्ये हे साफ लिहिलेलं आहे, काही दिवस बाहेर गेला म्हणून माणूस त्या गावचा रहिवासी राहत नाही असं नाही, आणि नुसतं गावात घर आहे म्हणून तो रहिवासी होत नाही. म्हणजे मजुराचं नाव कापता येत नाही आणि पुण्यात स्थायिक झालेल्याचं गावात ठेवता येत नाही. आमच्या गावात याच्या उलट होऊन राहिलं! मजुराच्या घराला कुलूप दिसलं की "स्थलांतरित" असा शेरा, आणि बंगलेवाल्याचं नाव दोन्ही जागी.

ताईंची स्वतःची भावकी पुण्यात आहे, बरीच मतं आहेत त्यांची. त्यांनाबी त्यांनी सांगून टाकलं की नाव एकाच ठिकाणी ठेवा, तिथं ठेवा नाहीतर इथं ठेवा. सासऱ्यांनी अबोला धरलाय असं ऐकतो. मी तर म्हणालो होतो अशी नावं सरसकट उडवून टाका. त्या तयार नाहीत. म्हणतात, फॉर्म 7 भरा, माणसाला नोटीस जाऊ द्या, त्याचं ऐकून घ्या, मगच नाव काढा, नाहीतर उद्या दुसरा सरपंच आपल्या विरोधातली नावं अशीच उडवीन. राजुऱ्यात 2024 च्या विधानसभेच्या आधी काय झालं ते सगळ्या विदर्भानं पाहिलं, नवीन नावांचे साडेसहा हजारांच्या वर ऑनलाइन अर्ज बोगस निघाले, प्रशासनानं ते फेटाळले आणि पोलिसात गुन्हा दाखल झाला. त्याच्यावरून पुढं राजकारण झालं ते झालं, मी त्यात पडत नाही. पण नावं घुसवता येतात तशी गायबबी करता येतात, म्हणून तपासणी दोन्हीकडून पाहिजे, हे त्यांचं म्हणणं मला पटलं.

पोस्टानं मतदानाबद्दल मात्र आमचं जमलं नाही. मला वाटते जो पोरगा बाहेरगावी कामावर आहे त्याला भाच्याकडच्यासारखं पाकीट पाठवलं तर काय बिघडते, त्याची तीन दिवसांची मजुरी वाचते, गाडीभाडं वाचते. ताई ठाम नाही म्हणाल्या. त्यांचं कारण ऐका. "मतपत्रिका घरी आली भाऊ, तर बाईचं मत कोण भरीन? सासरा भरीन नाहीतर नवरा भरीन. बूथवर त्या पुठ्ठ्याच्या आड फक्त तीच असते, तिथं कोणी डोकावत नाही." मी अजूनबी मजुरांच्या बाजूनं आहे, पण या कारणाला माझ्याकडं उत्तर नाही, आणि ज्या बाईनं गटातल्या बाया जवळून पाहिल्या तिलाच हे सुचणार.

त्यांच्यात कमी काय तेबी सांगतो. भाषण येत नाही, माईक हातात आला की आवाज बसतो. पांदण रस्त्याच्या भांडणात, धुऱ्याच्या वादात त्या कधी पडल्या नाहीत, आणि सरपंचाला ते चुकत नाही. पंचायत समितीत ओळख नाही. दुसऱ्या पॅनलच्या ताईंचे घरचे लोक याच्यात तयार आहेत, अडीअडचणीला धावतात, मयतीला सगळ्यात आधी येतात, मी त्यांना वाईट म्हणणार नाही. फक्त मी त्यांच्याकडं तीनदा विचारलं की ऑडिटचं काय, यादीचं काय, तीनदाबी उत्तर त्यांच्या मिस्टरांनी दिलं. उमेदवार ताई चहा घेऊन आल्या अन आत गेल्या.

म्हणून आपल्याला एक विनंती आहे. आपल्या तालुक्याच्या वार्ताहरांना सांगा, लढत चुरशीची हे छापण्याआधी प्रत्येक गावच्या सरपंचपदाच्या उमेदवाराला तीन गोष्टी विचारून छापा. मागच्या ऑडिटमधले किती आक्षेप बाकी आहेत हे पाहिलं का, डोंगल कोणाकडं राहील, आणि ग्रामसभेत मतदार यादी वाचणार का. विचारताना घरच्यांना बाहेर बसवा अन उमेदवार बाईलाच विचारा. आमच्या गावासाठी सभामंडप आहे, सतरंज्या अन माईकची सोय मी करून देतो.

आपला,
खारपाणपट्ट्यातला एक कास्तकार मतदार
जि. अमरावती