रविवारी पाटीकाम, चाक बंद

मंडळी, येत्या रविवारी सकाळी १० ते १ स्टुडिओत चाक चालणार नाही. फक्त मातीच्या पाट्या लाटून हातबांधणी करायची: चौकोनी कुंडी, डबा, पोकळ मुखवटा, ज्याला जे हवं ते. नवे-जुने सगळे या, पण शुक्रवारपर्यंत ग्रुपवर नाव टाका. तेवढीच माती मळून ठेवू.

आणायचं: लाटणं (पोळ्यांचं नको, घरी बोलणी बसतील), जुनं सुती कापड, जुना टूथब्रश. ८ मिमीच्या लाकडी पट्ट्या इथे आहेत.

- पाटी दोन पट्ट्यांमध्ये लाटा, जाडी सारखी येते. मधूनमधून उलटा, एकाच बाजूने लाटलेली पाटी वाळताना वाकते.
- उभ्या भिंतींसाठी पाटी थोडी आवळू द्या. उचलल्यावर लोंबली तर अजून ओली आहे.
- जोडाच्या दोन्ही कडा ओरखडा, ब्रशने स्लिप (पाण्यात कालवलेली पातळ माती) लावा, आतून मातीची बारीक वळी दाबा. नुसत्या पाण्यावर चिकटवलेला जोड सुटतोच.
- पोकळ कामाला भोक हवंच. नसेल तर ते भट्टीत जाणार नाही, कितीही देखणं असो.
- गणपतीची उरलेली शाडू आणू नका. भाजणी साधारण १००० अंश सेल्सिअसला होते, त्यात स्टुडिओचीच माती चालेल.

काम प्लास्टिकखाली सावकाश वाळवायचं, पंख्याखाली नाही. मातीचे हात बादलीत धुवा, बेसिनमध्ये नको. पाइप पुन्हा तुंबलाय.