मोशन सेन्सर दिव्यांबाबत तक्रार : खोक्यावर १२ मीटर, अंगणात ३ मीटर

दिनांक : ११ ऑगस्ट २०२५
ता. संगमेश्वर, जि. रत्नागिरी

प्रति,
मा. व्यवस्थापक,
ग्राहक सेवा विभाग

विषय : घराबाहेर लावण्याचे तीन मोशन सेन्सर दिवे जाहीर केल्याप्रमाणे काम करत नसल्याबाबत आणि त्याविषयीची तक्रार परस्पर बंद केल्याबाबत.

महोदय,

गेल्या डिसेंबर महिन्यात मी आपल्या कंपनीचे तीन मोशन सेन्सर दिवे रत्नागिरी येथील अधिकृत विक्रेत्याकडून पक्क्या बिलाने विकत घेतले. एक अंगणाकडे, एक मागील दारी आणि एक गोठ्याच्या वाटेवर, असे ते बसवले असून तिन्ही दोन वर्षांच्या वॉरंटीत आहेत. आपल्या सेवा केंद्राने माझी तक्रार ‘समाधानकारकरीत्या निकाली काढली’ असा संदेश पाठवून बंद केली आहे. दिवे मात्र तक्रार नोंदवण्यापूर्वी होते तसेच आहेत, म्हणून हे पत्र थेट आपल्याकडे पाठवत आहे.

आमचे घर रस्त्याच्या खालच्या अंगाला आहे. रस्त्यापासून अंगणापर्यंत जांभ्याच्या चिऱ्यांची पाखाडी, म्हणजे पायऱ्यांची वाट, उतरते आणि ती सरळ पुढच्या दाराच्या समोर येते. घरात माझी वृद्ध आई असते. न्हाणीघर मागील दारी, घरापासून सुटे आहे, आणि पहाटे अंधार असतानाच तिला तिकडे जावे लागते. पावसाळ्यात आमच्या भागात फुरशांचा, म्हणजे एका विषारी सापाचा, वावर असतो. फुरसे लहान असते, त्याचा रंग चिऱ्याच्या आणि पालापाचोळ्याच्या रंगात मिसळून जातो, त्यामुळे पाय पडेपर्यंत ते दिसत नाही. पाऊल टाकण्यापूर्वी पायाखालची जागा उजळावी, एवढ्याचसाठी हे दिवे घेतले. माणूस पायरीवर पोहोचल्यानंतर लागणारा दिवा आमच्या उपयोगाचा नाही, हे ध्यानात घेऊन पुढील मजकूर वाचावा ही विनंती.

मी निवृत्त वायरमन आहे. तिन्ही दिव्यांची जोडणी मी स्वतः, आपल्या माहितीपत्रकातील आकृतीप्रमाणे, फेज, न्यूट्रल आणि अर्थिंग स्वतंत्र देऊन केली आहे. उंची जमिनीपासून २.४ मीटर ठेवली आहे. माहितीपत्रकात ती १.८ ते २.५ मीटर सांगितली आहे. सेन्सरचे तोंड रस्त्याकडे, एसीच्या बाहेरच्या युनिटकडे किंवा चुलीच्या धुराड्याकडे नाही. हे सांगण्याचे कारण असे की, आपल्या सेवा केंद्राने प्रत्येक वेळी पहिला संशय जोडणीवर आणि उंचीवर घेतला आणि पुढची चौकशी तिथेच थांबवली.

मुख्य तक्रार अंगणाकडील दिव्याची आहे. डिसेंबर आणि जानेवारीत तो चांगला चालला. होळीनंतर मात्र माणूस ओळखण्याचे त्याचे अंतर लक्षात येण्याइतके कमी कमी होत गेले. मे महिन्यात रात्री आठ वाजता पडवीतल्या तापमापकावर ३१ अंश सेल्सिअस असताना मी टेप लावून मोजले, तेव्हा समोरून चालत येणारा माणूस दिव्यापासून ३ मीटरच्या आत आल्याशिवाय दिवा लागत नव्हता. सेन्सरसमोरून आडवे चालत गेल्यास हेच अंतर साधारण ५ मीटर भरत होते. संवेदनशीलतेचा नॉब त्या वेळी शेवटपर्यंत फिरवलेला होता, आणि सेन्सरपुढचे भिंग मऊ कापडाने पुसून घेतलेले होते. आपल्या खोक्यावर ठळक अक्षरांत ‘१२ मीटर’ असे छापलेले आहे.

याचे कारण आपल्या तांत्रिक विभागाला माझ्यापेक्षा अधिक चांगले ठाऊक असणार. हा सेन्सर पीआयआर (पॅसिव्ह इन्फ्रारेड), म्हणजे उष्णतेवर चालणाऱ्या पद्धतीचा आहे. तो स्वतः काही सोडत नाही. शरीरातून बाहेर पडणारी उष्णतेची किरणे आणि मागची भिंत, जमीन, झाडे यांच्याकडून येणारी किरणे यांतला फरक तो टिपतो. माणसाच्या उघड्या त्वचेचे तापमान साधारण ३२ ते ३४ अंश असते, आणि कपड्यांचे त्याहून कमी. जानेवारीच्या पहाटे अंगण १८ अंशांवर असताना हा फरक मोठा असतो. मे महिन्यात दिवसभर तापलेले चिरे रात्री उशिरापर्यंत उष्णता सोडत असतात, तेव्हा माणूस आणि त्याच्यामागची पाखाडी सेन्सरला जवळजवळ सारखीच दिसतात. हा निसर्गाचा नियम आहे आणि त्याबद्दल मी कंपनीला दोष देत नाही.

दोष देतो तो यासाठी की ही मर्यादा आपल्याला माहीत असूनही ती ग्राहकापासून दूर ठेवली आहे. माहितीपत्रकाच्या मागील बाजूस, तक्त्याच्या तळाशी, भिंगाशिवाय वाचता येणार नाही अशा अक्षरांत ‘कमाल १२ मीटर, २४ अंश सेल्सिअसपेक्षा कमी तापमानात’ असे छापलेले आहे. खोक्यावरच्या १२ मीटरसोबत ही अट कुठेही नाही, आणि माहितीपत्रक तर सीलबंद खोक्याच्या आत असते. कोकण किनारपट्टीवर मार्चअखेरपासून पावसाळा संपेपर्यंत दिवेलागणीच्या वेळी तापमान २४ अंशांच्या खाली क्वचितच येते. म्हणजे जी अट पाळली तरच आपला दावा खरा ठरतो, ती अट वर्षाच्या मोठ्या भागात आमच्याकडे पूर्णच होऊ शकत नाही, आणि साप बाहेर असतात ते नेमके हेच महिने. असा माल रत्नागिरीच्या बाजारात अधिकृत विक्रेत्यामार्फत विकायचा, तर विकण्यापूर्वी हे सांगणे कंपनीचे कर्तव्य होते.

खोक्यावरील चित्राबद्दलही लिहिणे भाग आहे. त्यात एक गृहस्थ फाटकातून सरळ दाराकडे, म्हणजे सरळ दिव्याकडे चालत येताना दाखवले आहेत आणि त्यांच्यावर लांबूनच प्रकाश पडला आहे. सेन्सरच्या पुढचे पांढरे प्लास्टिकचे भिंग समोरची जागा अनेक पट्ट्यांत विभागते, आणि उष्ण वस्तू एका पट्ट्यातून दुसऱ्यात गेली की आतल्या उलटसुलट जोडलेल्या दोन घटकांत फरक पडून संकेत तयार होतो. सरळ समोरून येणारा माणूस बराच वेळ एकाच पट्ट्यात राहतो, म्हणून त्या दिशेने या सेन्सरची क्षमता सर्वांत कमी असते. आपल्याच माहितीपत्रकात आडव्या हालचालीची आकृती ‘योग्य’ आणि सरळ हालचालीची ‘अयोग्य’ अशी दाखवली आहे. जी पद्धत आतल्या कागदावर अयोग्य ठरवली, तीच बाहेरच्या चित्रात विकण्यासाठी वापरली आहे. चित्र पाहून घेणाऱ्याने तो दिवा दारावरच लावायचा, हे स्वाभाविक आहे. मी दिवा दारावरून काढून अंगणाच्या कडेच्या खांबावर, पाखाडीला आडवा येईल असा लावून पाहिला. ५ मीटरचा आकडा त्या जागेवरचा आहे.

मागील दारच्या दिव्याचा दोष वेगळा आहे आणि तो सरळसरळ रचनेतला आहे. त्या दिव्यासमोर न्हाणीघराची चुन्याने रंगवलेली भिंत येते. अंधार पडल्यावर माणूस दिसला की दिवा लागतो, त्याचा उजेड पांढऱ्या भिंतीवरून परत येऊन सेन्सरजवळच्या प्रकाशमापकावर पडतो, त्याला दिवस उगवला असे वाटते आणि दिवा विझतो. विझला की पुन्हा अंधार, पुन्हा माणूस, पुन्हा दिवा. आई न्हाणीघरापर्यंत पोहोचेपर्यंत हा दिवा सारखा उघडझाप करत राहतो. पावसाने निसरड्या झालेल्या वाटेवर असा उजेड अंधारापेक्षा वाईट, कारण डोळ्यांना ना अंधाराची सवय होते ना उजेडाची. दिवा लागलेला असेपर्यंत प्रकाशमापकाचे वाचन विचारात घ्यायचे नाही, एवढी साधी सोय दिव्याच्या विद्युत मंडलात ठेवली असती तर हे घडले नसते. किती अंधार झाल्यावर दिवा लागावा हे ठरवणारा लक्सचा नॉब सूर्याच्या चिन्हाकडे वळवला की उघडझाप थांबते, पण मग भर दुपारीही कोणी गेले की दिवा लागतो. एक दोष झाकण्यासाठी दुसरा पत्करण्याचा हा सल्ला आपल्या सेवा केंद्राने दिला आहे.

गोठ्याकडील तिसऱ्या दिव्यावर आपण केवळ ‘मोशन सेन्सर’ असे छापले आहे. प्रत्यक्षात तो मायक्रोवेव्ह, म्हणजे रडार पद्धतीचा आहे, हे मला आतल्या पट्टीवरील ५.८ गिगाहर्ट्झ हा उल्लेख वाचून कळले. या पद्धतीला उष्णतेशी देणेघेणे नसते. ती स्वतः लहरी सोडते आणि हलणाऱ्या कोणत्याही गोष्टीवरून परतलेली लहर ओळखते. त्यामुळे उन्हाळ्यात हाच दिवा सर्वांत भरवशाचा ठरला, हे मी प्रामाणिकपणे नमूद करतो. परंतु गोठ्याचे छप्पर पत्र्याचे आहे आणि शेजारी केळी आहेत. जून महिन्यात पाऊस सुरू झाल्यापासून हलणारी पाने, थरथरणारा पत्रा आणि छपराच्या कडेने पडणारी धार या सगळ्यांनी तो रात्रभर जळत राहतो. गुरांना झोप नाही आणि दिव्यालाही विश्रांती नाही. सेन्सर कोणत्या पद्धतीचा आहे हे खोक्यावर लिहिले असते, तर हा दिवा मी अंगणात आणि उष्णतेवर चालणारा गोठ्याकडे लावला असता. ज्या एका माहितीवर दिव्याची जागा ठरते, तीच माहिती दिलेली नाही.

तिन्ही दिव्यांवर आयपी ६५, म्हणजे धूळ आणि पाण्यापासूनच्या बंदिस्तीची श्रेणी, असे छापलेले आहे. यातील पहिला आकडा ६ म्हणजे धूळदेखील आत जाऊ शकणार नाही अशी बंदिस्ती. जुलैमध्ये मी अंगणाकडील दिव्याचे झाकण उघडले, तेव्हा आतल्या जोडणीच्या पट्टीवर मुंग्यांनी अंड्यांसह वस्ती केलेली होती आणि भिंगाच्या आतील बाजूस पाण्याचे थेंब जमले होते. वायर आत जाते त्या छिद्राला रबरी बूच नव्हते, खोक्यातही नव्हते, आणि माहितीपत्रकातील सुट्या भागांच्या यादीत त्याचा उल्लेखही नाही. छायाचित्रे जोडली आहेत.

आता सेवेविषयी. आपले तंत्रज्ञ आले ते दुपारी साडेबाराला, रखरखीत उन्हात. रात्री चालणाऱ्या दिव्याची तपासणी त्यांनी सेन्सरवर हात धरून, दिवा लागतो आहे असे दाखवून पूर्ण केली, छायाचित्र काढले आणि माझी सही मागितली. दोष दूर झालेला नसल्यामुळे मी सही दिली नाही. त्याच संध्याकाळी तक्रार निकाली निघाल्याचा संदेश आला. त्या तरुण तंत्रज्ञाविरुद्ध माझे काही म्हणणे नाही. त्याच्याजवळ तापमापक नव्हता, टेप नव्हता, आणि एका दिवसात त्याला चिपळूणपासून लांज्यापर्यंतची कामे दिलेली होती. ग्राहकाच्या सहीशिवाय तक्रार बंद करण्याची पद्धत मात्र कार्यालयाची आहे, आणि तिचे उत्तर कार्यालयाने द्यावे.

माझी मागणी अशी आहे की, अंगणाकडील आणि मागील दारचा असे दोन्ही दिवे परत घेऊन त्यांची पूर्ण किंमत द्यावी, किंवा ३० अंश तापमानात समोरून येणारा माणूस किमान ६ मीटरवर ओळखतील आणि स्वतःच्याच उजेडाने विझणार नाहीत असे दिवे बदलून द्यावेत. उष्णता आणि रडार या दोन्ही पद्धती एकत्र असलेले सेन्सर बाजारात मिळतात. परंतु त्यांतील काही दोन्हींचा होकार मिळाल्यावरच लागतात, आणि तसा सेन्सर आमच्या उन्हाळ्यात पुन्हा तोच प्रश्न उभा करील, म्हणून बदली देताना तो कोणत्या नियमाने चालतो हे लेखी कळवावे. गोठ्याकडील दिवा रडारऐवजी उष्णतेवर चालणाऱ्या प्रकाराने बदलून द्यावा; तिथे जवळचे अंतर पुरते. सर्व बदली दिव्यांसोबत वायरच्या छिद्राचे रबरी बूच असावे. बंद केलेली तक्रार पुन्हा उघडावी आणि ती कोणत्या आधारावर बंद केली हे लेखी द्यावे. याखेरीज, यापुढील खोक्यांवर सेन्सरची पद्धत आणि अंतरासोबतची तापमानाची अट बाहेरच्या बाजूस, त्याच आकाराच्या अक्षरांत छापावी, चित्र बदलावे आणि माहितीपत्रक मराठीतही द्यावे. ही शेवटची मागणी माझ्या एकट्यासाठी नाही. आमच्या वाडीत बहुतेक घरांत वृद्ध माणसेच राहतात, मुंबईची मुले त्यांच्यासाठी असे दिवे पाठवतात, आणि ते लागले नाहीत की आपल्यालाच यातले काही कळत नाही असे समजून ही माणसे गप्प बसतात.

ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ अन्वये वस्तूची गुणवत्ता, क्षमता आणि दर्जा यांची माहिती मिळणे हा ग्राहकाचा हक्क आहे, आणि वस्तूच्या दर्जाबद्दल खोटे चित्र उभे करणे ही अनुचित व्यापारी प्रथा ठरते. ग्राहकाला तो राहतो त्या जिल्ह्यातील ग्राहक आयोगाकडे तक्रार करता येते, आणि पाच लाख रुपयांपर्यंतच्या खरेदीसाठी त्याला शुल्कही लागत नाही. मला त्या वाटेने जाण्याची हौस नाही. २७ ऑगस्टला गणेश चतुर्थी आहे. घरी मुंबईहून लहान मुलांसह मंडळी येतील आणि आरतीसाठी रात्री उशिरापर्यंत पाखाडीवरून ये-जा राहील. त्यापूर्वी निदान अंगणाकडील आणि मागील दारचे दिवे बदलून मिळावेत. पत्र मिळाल्यापासून पंधरा दिवसांत लेखी उत्तर न आल्यास मी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर तक्रार नोंदवून पुढे रत्नागिरीच्या जिल्हा आयोगाकडे जाईन.

बिलाची व वॉरंटी पत्राची प्रत, खोक्याच्या चारही बाजूंची छायाचित्रे, माहितीपत्रकातील तापमानाच्या अटीचे मोठे केलेले छायाचित्र, उघडझाप करणाऱ्या दिव्याचे चित्रीकरण आणि तारीख, वेळ, तापमान व अंतर यांची माझ्या हातची नोंद सोबत जोडली आहे. तंत्रज्ञ पुन्हा पाठवायचा झाल्यास तो सूर्यास्तानंतर, टेप आणि तापमापक घेऊन पाठवावा. येण्याच्या आदल्या दिवशी फोन करावा, म्हणजे शिडी आणि मदतीला माणूस मी तयार ठेवीन.

कळावे,

आपला विश्वासू,
(सही)