लोकशाही आपोआप येत नाही आणि टिकतही नाही

संपादक महोदय,
रविवारच्या पुरवणीतला इतिहासाच्या दिशेवरचा लेख वाचला, पण जग मधेच भरकटलं तरी शेवटी लोकशाहीकडेच वळतं हे त्यातलं म्हणणं अजिबात पटलं नाही. अमेरिकी राज्यशास्त्रज्ञ फ्रान्सिस फुकुयामांनी १९८९ च्या उन्हाळ्यात असंच काहीसं मांडलं, नोव्हेंबरमध्ये बर्लिनची भिंत पडली, त्यामुळे तेव्हा ते खरं वाटणं साहजिक होतं.

पण त्याच बर्लिनमध्ये २३ मार्च १९३३ ला काय झालं बघा. संसदेची इमारत जळालेली म्हणून अधिवेशन क्रोल ऑपेरा हाउसमध्ये, आत गणवेशातले नाझी उभे, कम्युनिस्ट खासदार तुरुंगात नाहीतर लपलेले, आणि अशात ४४४ विरुद्ध ९४ मतांनी संसदेने कायदे करायचा आपला अधिकार हिटलरच्या सरकारला देऊन टाकला. विरोधातली सगळीच्या सगळी मतं सोशल डेमोक्रॅट पक्षाची, बाकी पक्षांनी मान टाकली. बायका १९१९ पासून मतदान करत होत्या असा हा पुढारलेला देश, हे विसरून कसं चालेल?

नंतर तिथे लोकशाही परत आली ती महायुद्ध हरल्यावर, तीही फक्त पश्चिम भागात. १९४९ च्या राज्यघटनेत तर त्यांनी लिहूनच ठेवलं की मानवी प्रतिष्ठेचं तत्त्व कितीही मोठं बहुमत असलं तरी बदलता येणार नाही. हे पोळलेल्या माणसांनी विचार करून घातलेलं कुंपण आहे, त्याचं श्रेय इतिहासाच्या प्रवाहाला देणं त्या ९४ जणांवरही अन्याय आहे.

– एक वाचक, सातारा