‘अंतर्गत बाब’ हे उत्तर आपलं नव्हे

मा. संपादक,
स. न. वि. वि.

मानवी हक्क दिनाच्या सुमारास आपल्या अंकात एका वाचकाचं पत्र आलं होतं. परदेशी सरकारांनी आणि युनोने भारताला मानवी हक्क शिकवू नयेत, आपणही दुसऱ्याच्या घरात डोकावू नये, ‘ज्याची त्याची अंतर्गत बाब’ म्हणून विषय मिटवावा, असा त्याचा सूर. मी शाळेत नागरिकशास्त्र शिकवून निवृत्त झाले आहे. ते पत्र वाचताना हात सवयीने लाल पेनाकडे गेला.

‘अंतर्गत बाब’ हे मुळात दक्षिण आफ्रिकेचं उत्तर, आणि ते खोडून काढलं आपण. १९४६ मध्ये तिथल्या सरकारने तिथल्या भारतीय लोकांनी जमीन कुठे घ्यावी, राहावं कुठे, यावर बंधनं घालणारा कायदा केला. आपण तेव्हा स्वतंत्रही नव्हतो. तरी दिल्लीने दक्षिण आफ्रिकेशी व्यापार तोडला आणि तक्रार युनोत नेली. शिष्टमंडळाच्या प्रमुख विजयालक्ष्मी पंडित. (राजकोटच्या मराठी घरची सून, हे गुजरातेतल्या आपल्या मंडळींनाही सहसा ठाऊक नसतं.) दक्षिण आफ्रिकेचे पंतप्रधान जनरल स्मट्स यांचा बचाव असा की हा आमच्या देशातला प्रश्न आहे, युनोचा इथे अधिकारच पोचत नाही, हवं तर आधी आंतरराष्ट्रीय न्यायालयाला विचारा. ब्रिटन आणि अमेरिका त्यांच्या बाजूने. ८ डिसेंबर १९४६ ला मतदान झालं : ठरावाच्या बाजूने ३२, विरुद्ध १५, तटस्थ ७. दोन तृतीयांश मतं लागत होती. ३२ पैकी एक जरी पलीकडे गेलं असतं, तर ठराव पडला असता.

दोनच वर्षांनी, १० डिसेंबर १९४८ ला, मानवी हक्कांचा जाहीरनामा मंजूर झाला. त्याच्या पहिल्या कलमाच्या मसुद्यात सगळे ‘पुरुष’ जन्मतः समान आहेत असा अर्थ निघेल, असा इंग्रजी शब्द होता. तो काढून तिथे ‘सर्व मानव’ आणला तो भारताच्या प्रतिनिधी हंसाबेन मेहतांनी. त्यांचे वडील बडोद्याचे दिवाण होते, आणि १९४९ मध्ये त्या स्वतः महाराजा सयाजीराव विद्यापीठाच्या पहिल्या कुलगुरू झाल्या. त्यांच्या नावाच्या लायब्ररीत मी बी.ए.ची तीन वर्षं काढली. पंख्याखालची जागा मिळावी म्हणून आमची धडपड असायची. हंसाबेननी जिनिव्हा-न्यूयॉर्कला काय केलं होतं, हे मात्र कुणी सांगितलं नाही.

मग हेच ‘अंतर्गत’चं उत्तर आपल्या तोंडी कधी आलं? मला २००१ आठवतं. वंशभेदाविरुद्धची युनोची जागतिक परिषद भरली होती, तीही दक्षिण आफ्रिकेतच, दरबानला. जातिभेदाचा विषय तिथे घ्यावा म्हणून दलित संघटनांनी जोर लावला आणि आपल्या सरकारने तो येऊ नये म्हणून. जात म्हणजे वंश नव्हे, हा सरकारचा युक्तिवाद. व्याख्या म्हणून तो चालेलही. पण महाराजा सयाजीरावांच्या शिष्यवृत्तीवर अमेरिकेत शिकून १९१७ मध्ये इथे बडोद्यात नोकरीला आलेल्या बाबासाहेबांना या शहरात राहायला जागा मिळाली नाही, आणि कमाटीबागेतल्या वडाखाली बसायची वेळ आली, हे ज्या गावाला माहीत आहे, त्याला ती व्याख्या किती पुरणार? बाबासाहेबांनी स्वतः १९४६ मध्ये अमेरिकेतले कृष्णवर्णीय विचारवंत डब्ल्यू. ई. बी. ड्युबॉइस यांना पत्र लिहून तिथल्या कृष्णवर्णीयांच्या युनोकडच्या अर्जाची चौकशी केली होती. अस्पृश्यांचा प्रश्नही तिथे नेता येईल का, हा त्यांचा विचार होता. त्यांना तो देशाचा अपमान वाटला नव्हता.

पाश्चात्त्यांचा दुटप्पीपणा मला कुणी सांगायला नको. २००५ मध्ये अमेरिकेने गुजरातच्या तेव्हाच्या मुख्यमंत्र्यांना व्हिसा नाकारला, धार्मिक स्वातंत्र्याच्या कायद्याचं कलम दाखवून. २०१४ मध्ये तेच बडोद्यातून पाच लाख सत्तर हजारांच्या मताधिक्याने निवडून आले, पंतप्रधान झाले आणि सप्टेंबरात वॉशिंग्टनमध्ये त्यांचं स्वागत झालं. कायदा तोच, माणूस तोच, खुर्ची तेवढी बदलली. तो नकार बरोबर होता की चूक, यावर आमच्या घरातही दोन तट आहेत आणि जेवताना तो विषय काढायचा नाही असं ठरलेलं आहे. पण मोजणारा लबाड निघाला म्हणून आपण मापच फेकून द्यायचं?

आणि आपण फेकतही नाही. कुलभूषण जाधवांना पाकिस्तानच्या लष्करी न्यायालयाने फाशी सुनावली तेव्हा ‘ही त्यांची अंतर्गत बाब’ असं आपल्यापैकी कोण म्हणालं? भारत २०१७ मध्ये हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयात गेला आणि १७ जुलै २०१९ ला न्यायालयाने १५ विरुद्ध १ मतांनी सांगितलं की जाधवांना भारतीय अधिकाऱ्यांची भेट नाकारून पाकिस्तानने व्हिएन्ना करार मोडला आहे. शिक्षा रद्द झाली नाही, पण तिचा फेरविचार करा असा आदेश मिळाला.

सगळं चव्हाट्यावरच व्हावं असंही माझं म्हणणं नाही. कतारमध्ये नौदलाच्या आठ माजी कर्मचाऱ्यांना ऑक्टोबर २०२३ मध्ये फाशीची शिक्षा झाली होती. फेब्रुवारी २०२४ मध्ये ते सुटले. पडद्यामागे काय बोलणी झाली ती आपल्याला कळली नाहीत, तरी माझी तक्रार नाही.

तक्रार आहे ती गप्प बसण्याला तत्त्वाचा मुलामा देण्याची. ऑक्टोबर २०२२ मध्ये चीनच्या शिनजियांग प्रांतातल्या उइगुर मुसलमानांच्या स्थितीवर जिनिव्हाच्या मानवी हक्क परिषदेत नुसती चर्चा तरी करावी, असा प्रस्ताव होता. १७ विरुद्ध १९ मतांनी तो पडला. तटस्थ राहिलेल्या ११ देशांत भारत. कारण काय दिलं, तर एखाद्या देशाचं नाव घेऊन केलेले ठराव उपयोगाचे नसतात, ही आपली जुनी भूमिका. मग २०१२ आणि २०१३ मध्ये श्रीलंकेविरुद्ध आपण मत दिलं ते काय होतं? आणि १९४६ च्या ठरावात कुणाचं नाव होतं? चीनचं सैन्य सीमेवर उभं आहे, आत्ता वाकडं घेणं परवडणार नाही, असं सरकार म्हणालं असतं, तर मी मान डोलावली असती.

आपल्या खासदारांनी पुढच्या अधिवेशनात एकच प्रश्न लेखी विचारावा : गेल्या दहा वर्षांत जिनिव्हात भारत कुठल्या ठरावांवर तटस्थ राहिला आणि प्रत्येक वेळी का. उत्तर आलं तर आपण ते छापालच.

आपली,
एक निवृत्त शिक्षिका
दांडिया बाजार, वडोदरा